सीटबेल्टची सूट वर्दीला कशासाठी?

गस्तीच्या गाडीत पुढे बसलेल्या पोलिसाने सीटबेल्ट लावलेला नाही, असा एखादा फोटो अधूनमधून फिरू लागतो आणि ठरलेला वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, आमच्या नावाने पावत्या फाडणारे स्वतः मोकळे बसतात, मग आम्हीच का बांधून घ्यायचे? दुसरी बाजू म्हणते, समोर हत्यारबंद माणूस उभा ठाकल्यावर पोलिसाने आधी बकल चाचपत बसायचे का? पहिल्या बाजूच्या लेखी बेल्ट म्हणजे सरकारजमा करायचा कर आहे. भरायचा तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. दुसऱ्या बाजूच्या लेखी तो सामान्य नागरिकांसाठीचा नियम आहे आणि वर्दी चढवली की तो गळून पडतो. माझे म्हणणे असे की पोलिसाने गस्तीवर, पाठलागात, वरिष्ठांच्या शेजारी बसून जाताना, सगळीकडे बेल्ट लावलाच पाहिजे. सूट द्यायचीच तर ती ठरावीक कामातल्या ठरावीक काही सेकंदांना द्यावी, वर्दीला नव्हे. आणि याचे मुख्य कारण ‘जनतेपुढे आदर्श’ हे नाही. आदर्शाची भाषा या वादात इतकी वापरली गेली आहे की पोलीस हा गाडीत बसून काम करणारा, हाडामांसाचा नोकरदार आहे, हेच कुणाला आठवत नाही.

आधी ढोंगीपणाच्या आरोपाचे पाहू, कारण सगळ्यात जास्त आवाज त्याचाच असतो. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी धावत्या गाडीत एक छोटा व्हिडिओ करण्यासाठी बेल्ट काढला आणि लँकेशर पोलिसांनी त्यांना दंड ठोठावला. देशभर हसू झाले, ते योग्यच होते. पण त्या दिवशी ब्रिटनमधल्या एका तरी माणसाच्या बरगड्या अधिक मजबूत झाल्या का? नियम सांगणाऱ्याने नियम मोडला म्हणजे नियमामागचे कारण खोटे ठरत नाही. डॉक्टर सिगारेट ओढतो म्हणून फुप्फुसे तंबाखूला माफ करत नाहीत. ‘ते लावत नाहीत, मग मी का लावू’ या प्रश्नात पोलिसाला शिक्षा म्हणून स्वतःचे डोके काचेवर आपटून घेण्याची तयारी आहे, आणि एवढा महागडा निषेध क्वचितच कुणी करत असेल.

तरीही या रागात एक खरी गोष्ट आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. सीटबेल्टचा कायदा पोलिसाच्या हातात माणसाला थांबवण्याचा अधिकार देतो, आणि तो अधिकार कुठवर जाऊ शकतो हे अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर विरुद्ध लागो व्हिस्टा या खटल्याने दाखवले. टेक्सासमध्ये १९९७ साली एक आई दोन लहान मुलांना घेऊन गाडी चालवत होती. तिघांपैकी कुणीही बेल्ट लावला नव्हता. या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा होती, तुरुंगाची नव्हती. तरी पोलिसाने तिला बेड्या घालून कोठडीत नेले, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ही अटक घटनेत बसते असा निकाल दिला. ज्या नियमासाठी नागरिकाला बेड्या पडू शकतात, तोच नियम बेड्या घालणाऱ्याने ऐच्छिक मानावा, हे लोकांना खुपणारच. भारताच्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम २१०-ब याच खुपण्याला दिलेले उत्तर आहे: अंमलबजावणीचा अधिकार असलेल्यानेच गुन्हा केला तर दंड दुप्पट. कलम वाचून बरे वाटते. मग लक्षात येते की ती दुप्पट पावती फाडणारा हात आरोपीच्या सहकाऱ्याचा, बहुधा कनिष्ठ सहकाऱ्याचा, असणार. तेव्हा कागदावरच्या न्यायाने समाधान मानण्याआधी बेल्ट न लावण्यामागची कारणे काय आहेत ते ऐकले पाहिजे.

ती कारणे पोरकट नाहीत. पोलिसाच्या कमरेला काय काय असते ते जवळून पाहा: पिस्तुलाचे होल्स्टर, जादा काडतुसे, बेड्या, वॉकीटॉकी, कुठे दांडका, कुठे विजेचा झटका देणारे उपकरण. वर छातीवर चिलखती जाकीट, त्यावर कॅमेरा आणि रेडिओची वायर. एवढे सगळे घेऊन माणूस सीटवर बसतो तेव्हा बकलचा खाचेकडचा भाग सीट आणि होल्स्टर यांच्या सांदीत गाडला जातो. बोटे आत घालावी लागतात, लाल बटण दिसत नाही, चाचपून शोधावे लागते. बेल्ट सुटला तरी मागे गुंडाळला जाताना तो कधी वायरीत अडकतो, कधी पिस्तुलाच्या मुठीत. थांबवलेल्या गाडीतून कुणी उतरून धावत येत असेल तर हे दोन-तीन सेकंद जिवावर बेतू शकतात. गाडीत बसलेल्या पोलिसांवर दबा धरून हल्ले झाले आहेत, त्यात माणसे गेली आहेत. ब्रिटनच्या १९९३ च्या नियमावलीने पोलिसी कामात वापरात असलेल्या गाडीतल्यांना बेल्टमधून सूट दिली आहे. ही चिंता तिथल्या नियम करणाऱ्यांनाही पटली असणार.

पण चिंता खरी असणे वेगळे आणि तिचे माप बरोबर असणे वेगळे. गाडीतून झडप घालून उतरण्याचा क्षण पोलिसाच्या पाळीत किती वेळा येतो, आणि त्याची गाडी रस्त्यावर किती तास धावते? त्यात ही गाडी सर्वसाधारण गाडीसारखी धावतही नाही. ती लाल दिवा ओलांडते, उलट्या दिशेने घुसते, पाऊस असो की अंधार, वेगमर्यादा तोडते, आणि ती चालवणारा एका कानाने रेडिओ ऐकत असतो. म्हणजे अपघाताची शक्यता नागरिकापेक्षा जास्त आणि बेल्ट मात्र नागरिकापेक्षा कमी, असा हा उफराटा हिशेब आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची बरीच वर्षे कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांच्या यादीत वाहन अपघात हे कारण गोळीबाराच्याही वर होते. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८० ते २००८ या काळातल्या अपघातांत मेलेल्या पोलिसांची छाननी केली, तेव्हा सुमारे ४२ टक्के जणांनी बेल्ट लावलेला नव्हता असे आढळले. ज्या धोक्याच्या भीतीने बेल्ट सोडला त्या धोक्याने यातले किती जण गेले असते? असे जाणारे पोलीस नसतात असे नाही. पण त्यांच्या नावाने सुटलेला हा बेल्ट दुसऱ्या टोकाला कितीतरी जास्त माणसे घेऊन जातो.

हे दिसत का नाही? कारण दोन मरणांची प्रतिष्ठा सारखी नाही. गोळी लागून पडलेल्या पोलिसाला हौतात्म्य मिळते, त्याची कथा प्रशिक्षणात सांगितली जाते, नव्या भरतीच्या मनात ती घर करते. झाडावर आपटलेल्या गाडीतल्या पोलिसाला ‘दुर्दैवी अपघात’ एवढीच नोंद मिळते, आणि बेल्ट होता की नव्हता हा प्रश्न विचारणे घरच्यांचा अपमान केल्यासारखे मानले जाते. ही हळवी माया समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे पुढच्या माणसाला काही शिकता येत नाही. लास व्हेगासच्या पोलीस दलाने २००९ मध्ये काही महिन्यांच्या आत आपले तीन जण कामावरच्या वाहन अपघातांत गमावले आणि त्यांतल्या काहींनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर त्या दलाला वेग आणि बेल्ट यांबद्दलचे नियम कडक करावे लागले. पुढे अमेरिकेतल्या पोलिसांत ‘बिलो हंड्रेड’ नावाची मोहीम सुरू झाली, कर्तव्यावरचे मृत्यू वर्षाला शंभराच्या खाली आणण्याची. तिच्या पाच सूत्रांत बेल्ट लावा आणि वेग सांभाळा ही दोन सूत्रे चिलखती जाकिटाच्या पंगतीला बसली आहेत. ही सूत्रे बाहेरच्या कुण्या उपदेशकाने लादलेली नाहीत, पोलिसांशी बोलणाऱ्या पोलिसी माणसांनीच मांडलेली आहेत.

एक साधे गणित इथे मांडायला हवे, कारण ‘आम्ही शहरात फिरतो, वेग कितीसा असतो’ हेही ऐकू येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आपटली तर बेल्ट नसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जाते. उंचावरून पडून हा वेग गाठायचा तर सुमारे १० मीटर पडावे लागेल. एअरबॅग वाचवेल म्हणावे, तर ती माणूस आपल्या जागी बांधलेला आहे असे गृहीत धरूनच सगळ्यात चांगले काम करते, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते. आधीच पुढे फेकल्या गेलेल्या माणसाच्या तोंडावर ती फुगली तर इजा तीच करू शकते. आणखी एक बाब पोलिसांनी तरी विसरू नये: पाठलागात जोरात वळण घेताना बेल्ट चालकाला स्टिअरिंगसमोर धरून ठेवतो. तो नसेल तर माणूस सीटवर सरकतो आणि ज्या चाकाने गाडी वळवायची त्याच चाकाला लोंबकळतो.

‘बेल्ट माणसाला अडकवतो’ ही भीती बेल्टच्या जन्माइतकीच जुनी आहे. आणि गंमत म्हणजे आजचा तीनबिंदू पट्टा ज्याने बनवला तो माणूस बाहेर पडण्याच्या घाईचाच तज्ज्ञ होता. निल्स बोलिन हा स्वीडनचा अभियंता व्होल्वोत येण्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. वैमानिकाला क्षणात विमानाबाहेर कसे फेकायचे हाच त्याचा विषय. १९५९ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आलेला त्याचा पट्टा एका हाताने लावता यावा असा केलेला होता, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही वापरू दिले. तेव्हा पट्ट्याचा आराखडा पोलिसाच्या कमरेवरच्या बाजाराचा विचार न करता झाला असेल, पण घाईचा विचार न करता झालेला नाही. मग अडचण असलीच तर ती सामानाच्या मांडणीची आहे. होल्स्टर मांडीवर घ्या, काही उपकरणे जाकिटावर चढवा, बकलचा देठ लांब करा, वायर दुसऱ्या खांद्यावरून न्या. आणि शेवटच्या काही मीटरांत, गाडी थांबता थांबता, हात खाली सरकवून बकल सोडायचे आणि पट्टा खांद्यामागे झटकायचा, याचा सराव करून घ्या. पिस्तूल काढण्याचा सराव शेकडो वेळा करून घेणाऱ्या दलाला बकल काढण्याचा सराव अशक्य वाटावा?

पहिल्या महायुद्धातले एक उदाहरण इथे चपखल बसते. ब्रिटिशांच्या निरीक्षक बलूनमध्ये बसणाऱ्यांना पॅराशूट मिळत होते, पण विमान चालवणाऱ्यांना युद्ध जवळजवळ संपेपर्यंत मिळाले नाही. तेव्हाची पॅराशूट अवजड होती, चिंचोळ्या कॉकपिटमध्ये मावत नव्हती, ही हरकत खोटी नव्हती. जर्मनांनी मात्र १९१८ मध्ये ती हरकत असतानाच आपल्या वैमानिकांना पॅराशूट द्यायला सुरुवात केली आणि त्यातले काही जण पेटलेल्या विमानांतून उड्या मारून वाचले. साधन अवघड आहे हे दोन्हीकडे खरे होते. एकाने त्या अवघडपणाला निमित्त केले, दुसऱ्याने काम.

पण सामान हे पूर्ण कारण नाही, हे पोलिसांनाही ठाऊक आहे. खरे कारण बरेचसे बिरादरीत आहे. या बाबतीत आइस हॉकीचा इतिहास फार बोलका आहे. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये १९६८ साली बिल मास्टरटन हा खेळाडू डोके बर्फावर आपटून मेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, तेव्हा बहुतेकांच्याच नसायचे. त्यानंतर सगळ्यांनी हेल्मेट घातले का? नाही. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ मध्ये याच कोड्यावर लिहिले: हेल्मेट न घालणे मूर्खपणाचे आहे हे खेळाडू मान्य करतात, पण एकट्याने घातले तर भित्रा दिसेन म्हणून घालत नाहीत. सक्ती झाली तर मात्र त्यांतल्या अनेकांना ती हवीच असते, कारण मग भित्रेपणाचा प्रश्नच उरत नाही. लीगने १९७९ मध्ये नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे केले, जुन्यांना मुभा ठेवली, आणि हेल्मेटशिवाय खेळणारा शेवटचा गडी १९९७ मध्ये निवृत्त झाला. तोवर उघड्या डोक्याला मर्दानगी समजणाऱ्यांची पिढी आपोआप संपली होती. बेल्ट लावणाऱ्या नव्या शिपायाकडे पाहून मिश्कील हसणारा जुना सहकारी हा याच जातीचा अडसर आहे. त्याला व्याख्यान देऊन काही होत नाही. सरसकट नियम केला की मात्र त्या हसण्याचा अर्थच संपतो. ब्रिटनमध्ये १९८३ साली पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला तेव्हा वापर सुमारे ४० टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या वर जवळजवळ रातोरात गेला. एवढ्या लोकांचे एका रात्रीत मतपरिवर्तन झाले होते असे कोण म्हणेल?

सक्तीविरुद्ध दोन जुने आक्षेप आहेत. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडले की सुरक्षित वाटणारा चालक जास्त बेफिकीर होतो, आणि वाचलेले जीव पादचाऱ्यांच्या खात्यात खर्ची पडतात. हा परिणाम काही प्रमाणात खरा असू शकतो, पण बेल्टचा सगळा फायदा तो गिळून टाकतो असे १९७० साली जगात पहिली सक्ती करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियापासून पुढचा अनुभव सांगत नाही. शिवाय पाठलागात पोलीस बेल्ट नाही म्हणून हळू चालवतात, असे कुणी पाहिले आहे का? दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: माझे शरीर, माझा धोका. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात याच भावनेपोटी प्रौढांना बेल्टची सक्ती आजही नाही. स्वतःच्या गाडीत एकट्याने जाणाऱ्या प्रौढापुरता हा युक्तिवाद मला अगदी टाकाऊ वाटत नाही. पण कामावरच्या पोलिसाला तो मुळीच लागू होत नाही. गाडी त्याची नाही, वेळ त्याची नाही, शेजारी सहकारी आहे आणि धडकेत न बांधलेले शरीर शेजारच्यावर आदळते. मागे तर असा माणूस असू शकतो, ज्याचे स्वातंत्र्य पोलिसाने नुकतेच काढून घेतले आहे.

हा मागचा माणूस या सगळ्या वादात कुठेच नसतो. बेड्या घातलेल्या माणसाला स्वतः बेल्ट लावता येत नाही आणि धक्का बसला तर हाताने आधारही घेता येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये बाल्टिमोर पोलिसांनी फ्रेडी ग्रे या २५ वर्षांच्या तरुणाला अटक करून बेड्या घालून व्हॅनमध्ये टाकले, पायही बांधले, बेल्ट लावला नाही. व्हॅनमधून बाहेर काढला तेव्हा त्याच्या मानेच्या कण्याला जबर इजा झाली होती; आठवड्याभरात तो गेला आणि शहर पेटले. अटकेतल्यांना बेल्ट लावावा असा आदेश त्या दलाने काही दिवस आधीच काढला होता. सहा पोलिसांवर खटले भरले गेले, शिक्षा कुणालाही झाली नाही. इकडे ब्रिटनच्या नियमावलीतली सूट पाहा: ती पोलिसापाशी थांबत नाही, कोठडीत नेल्या जाणाऱ्या माणसालाही तीत धरले आहे. कैदी गाडीतून झडप घालून कुणाला पकडणार आहे? झटापट करणाऱ्या माणसावर ओणवे होऊन बेल्ट लावणे पोलिसाला धोक्याचे असते, हे मान्य. पण तो धोका त्या एका माणसाचा आणि त्या एका प्रसंगाचा आहे. मुकाट बसलेल्या कैद्यालाही मोकळे ठेवण्याचे ते कारण होत नाही.

नेमकी सूट लिहिता येत नाही असेही नाही. त्याच ब्रिटिश नियमावलीत माल पोहोचवणाऱ्या व्हॅनच्या चालकाला बेल्टमधून सूट आहे, पण दोन थांब्यांमधले अंतर ५० मीटरपेक्षा जास्त नसेल तरच. गाडी मागे घेतानाही सूट आहे, ती मागे घेईपर्यंतच. पाव टाकणाऱ्याची सूट मीटरांत मोजणारा कायदा पोलिसापाशी येताच ‘पोलिसी काम’ एवढ्या दोन शब्दांत सगळी पाळी माफ करतो. हत्यारबंद माणूस असलेल्या ठिकाणाजवळ पोहोचताना, रेंगाळत्या वेगाने एखादी गल्ली पिंजून काढताना, मान्यवरांच्या ताफ्यात धावत्या गाडीतून उतरावे लागणाऱ्या अंगरक्षकाला, अशी सूट खुशाल द्या आणि ती घेतली की नोंदवा.

अंमल कसा करायचा याबद्दलही थोडे. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांत अमेरिकेने अशी यंत्रणा सक्तीची केली होती की बेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. सीटवर सामान ठेवले तरी गाडी रुसू लागली, लोक खवळले, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने ती सक्ती मोडीत काढली. पोलिसाच्या गाडीत ते नकोच. तिला एका क्षणात निघता आले पाहिजे. आजच्या गाड्यांना बेल्ट लावला आहे की नाही हे कळते. ती नोंद वेगाच्या नोंदीबरोबर ठेवायला नवे यंत्र लागत नाही. खाचेत नुसते बकल खोचून बझर गप्प करण्याची युक्ती मात्र तिला फसवते, म्हणून ते बकल सापडले की तो वेगळा गुन्हा धरावा. अपघाताच्या प्रत्येक चौकशी अहवालात बेल्टचा रकाना सक्तीचा हवा आणि तो दलातल्या प्रत्येकाला वाचायला मिळायला हवा. घरच्यांची भरपाई मात्र बेल्टच्या कारणावरून एका पैशानेही कमी होऊ नये. काही जण तशी सूचना करतात, ती मला क्रूर वाटते, आणि तिचा परिणाम एवढाच होईल की सहकारी मेलेल्याच्या प्रेमाखातर अहवाल बदलतील. शेवटची अट चालकासाठी. गाडीतल्या प्रत्येकाच्या बेल्टची जबाबदारी चालकाची, मग तो हुद्द्याने सगळ्यांत खाली असला तरी, आणि मागे बसलेल्या साहेबांनी बेल्ट लावेपर्यंत गाडी जागची न हलवण्याचा अधिकारही त्याचाच. हा अधिकार वापरला म्हणून त्याची बदली झाली, तर तिचे लेखी कारण साहेबांनी द्यावे.